धर्मराजाच्या मागचा कुत्रा

मराठी वाङ्मयात कुत्र्यासाठी ठळक अशा दोनच जागा राखून ठेवलेल्या दिसतात. एक समाधीची आणि दुसरी थट्टेची. समाधीच्या जागेवर रायगडावरचा वाघ्या आहे. थट्टेच्या जागेवर पु. ल. देशपांड्यांच्या ‘पाळीव प्राणी’पासून पुढे मोजता येईल अशी शहरी घरांतली लाडावलेली श्वानसंतती आहे. पहिल्यापुढे आपण हात जोडतो, दुसरीला हसतो. या दोहोंच्या मध्ये जो खरा प्राणी आहे, ज्याला तहान लागते, ज्याच्या पायात काटा मोडतो आणि जो उन्हाने घेरी येऊन कोसळतो, त्याच्याकडे आपल्या गद्याचे फारसे लक्ष गेलेले नाही. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही कथा अपवाद म्हणून सांगता येईल. पण तिथेही आपले डोळे लागतात ते नामदेवांच्या भूतदयेकडे. कुत्र्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन असता तर मी तो एखाद्या चर्चासत्रासाठी राखून ठेवला असता. पण कुत्र्याला सोबत घेऊन रानावनात, गडकोटांवर भटकण्याची हौस आता पुण्यामुंबईपुरती उरलेली नाही. आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथेही थंडीच्या दिवसांत पाठीला पिशवी आणि पुढे मोकळा कुत्रा अशी तरुण मंडळी घाटाच्या बाजूला निघालेली दिसतात. परत आल्यावर ती लिहितात. आणि ते लेखन, मग ते ललितलेखाचे असो वा प्रवासवर्णनाचे, वाघ्याच्या सावलीतच लिहिलेले असते. कुत्रा दमत नाही, थांबत नाही, मालकाला सोडत नाही. म्हणून तो थोर. माझे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध आहे. कुत्रा थांबत नाही हा त्याचा मोठेपणा असेल, पण चालताना त्याच्या जिवावर उठणारी गोष्टही तीच आहे. ज्या गुणाचे आपण गोडवे गातो, तो गुण ओळखून त्याला आवर घालणे हे माणसाचे काम आहे. आपले साहित्य हे काम शिकवत नाही, उलट ते विसरायला लावते, हा माझा आरोप आहे.

आधी प्रदेशाविषयी थोडे. तळेगाव हे आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. महामार्गावरच्या घाटाला इथे सत्याग्रही घाट म्हणतात. १९३० च्या जंगल सत्याग्रहाची आठवण त्या नावात आहे. आजूबाजूला सागाचे पानझडी रान, त्याला लागून संत्र्याच्या बागा, कपाशी-तुरीची शिवारे, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पांदणी. आष्टी, आर्वी आणि कारंजा (घाडगे) हा गवळाऊ गाईंचा मुलूख. गुरांमागे रानात जाणारा गुराखी आणि त्याच्या मागचा कुत्रा हे चित्र इथे नवे नाही. नवे आहे ते रानात निव्वळ चालण्यासाठी जाणे, आणि सोबतच्या कुत्र्याला ‘स्वातंत्र्य’ देण्यासाठी त्याची दोरी सोडणे.

आता वाघ्याकडे येऊ. मालकाच्या चितेत उडी घेणारा कुत्रा ही आख्यायिका आपल्याला इतकी प्रिय आहे की, राम गणेश गडकऱ्यांनी आपले अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्याला अर्पण केले. हेच गडकरी १९१९ साली आमच्या विदर्भातल्या सावनेरला वारले. वाघ्याची समाधी इतिहासाला धरून आहे की नाही, यावरून २०१२ साली पुतळा हलवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो वाद नव्याने पेटला. त्या वादात मी पडत नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. दोन्ही बाजूंचे लोक कुत्रा होता की नव्हता यावर भांडतात. पण निष्ठेची परीक्षा म्हणून कुत्र्याने जळून मरावे, ही कल्पना मुळात आपल्याला सुंदर का वाटते, हे कोणी विचारत नाही. चिता दिसते तेव्हा निदान आग तरी दिसते. चैत्र-वैशाखात विदर्भातला मुरूम चितेइतकाच निर्दयपणे तापलेला असतो आणि तिथे मालकाच्या मागोमाग जाणारा कुत्रा काही वेगळे करत नसतो. फक्त तिथे कोणी समाधी बांधत नाही.

हे मी अनुभवाने बोलतो आणि तो अनुभव सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक ललितलेख लिहिला होता. सागाच्या रानातून पुढे धावणारा माझा काळा गावठी कुत्रा, वळून माझी वाट पाहणारे त्याचे डोळे, आणि त्याच्या गळ्यात पट्टा नसण्यात मला दिसलेली मुक्ती, असा तो लेख होता. लेख कौतुकाने छापला गेला. काही शिक्षकमित्रांनी तो वर्गात वाचूनही दाखवला. पुढच्या चैत्रात, सकाळी उशिरा निघून, मी त्याच वाटेने गेलो. दहा वाजून गेले होते. पाने झडलेल्या सागाखाली सावली म्हणून जी असते ती फांद्यांच्या रेघांची असते. माझ्याजवळ माझ्यापुरते पाणी होते. कुत्रा पुढे धावायचा थांबून मागे चालू लागला, तेव्हा मला वाटले, तो शहाणा झाला. त्याची जीभ गडद लाल होऊन बाहेर लोंबत होती, लाळ घट्ट झाली होती, मागचे पाय झोकांड्या खात होते. तरीही तो येत होता. मी थांबलो नव्हतो म्हणून तो थांबला नाही. तो पडला तेव्हा घर तासाभराच्या अंतरावर होते आणि मी त्याला उचलून आणेपर्यंत सगळे संपले होते.

पुढे मी जे शिकलो ते कोणत्याही पशुवैद्याला पाठ असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, तेवढाच. शरीर थंड करण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे, आणि बाहेरची हवाच तापलेली असली की ते साधन निकामी होते. त्याचे सर्वसाधारण तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की आतले अवयव निकामी होऊ लागतात. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तो सावलीतला आकडा असतो. ज्या जमिनीवर आपला तळहात पाच-सात सेकंद टेकवून ठेवता येत नाही, तिच्यावर कुत्रा अनवाणी चालतो. त्याचे नाक आणि पोट जमिनीपासून वीतभर-हातभर अंतरावर असते. आपल्याला लागणाऱ्या झळांहून अधिक झळा तो सोसतो. यातले काहीही गुपित नव्हते. मला ते ठाऊक नव्हते, कारण मी कुत्र्याविषयी जे काही वाचले होते ते सगळे निष्ठेविषयी होते.

‘पण महाभारत?’ असे माझा एक सहकारी मला म्हणाला. ‘धर्मराजाच्या मागे चालणारा कुत्रा तर आपल्या परंपरेतला पहिला सहप्रवासी. त्याची निष्ठा तुम्ही कशी नाकारणार?’ मी ती नाकारत नाही. मी एवढेच म्हणतो की, आपण ती गोष्ट उलटी वाचतो. महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा तो कुत्रा असे हिमालयाच्या वाटेला लागतात. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर प्रत्येकाच्या पडण्याचे कारण सांगतो आणि मागे न पाहता चालत राहतो. शेवटी इंद्राचा रथ येतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही असे सांगितले जाते, आणि भावांसाठी न थांबलेला हा माणूस कुत्र्यासाठी थांबतो. आपल्या आश्रयाने आलेल्याला टाकून मी स्वर्गातही येणार नाही, असे तो म्हणतो. इथे परीक्षा कोणाची आहे? कुत्र्याच्या निष्ठेची परीक्षा व्यासांनी घेतलेलीच नाही. ती गृहीत आहे. परीक्षा माणसाची आहे, आणि ती उत्तीर्ण होण्याची रीत म्हणजे शिखर समोर दिसत असताना ‘आता पुढे नाही’ असे म्हणणे. कुत्र्याला घेऊन डोंगर चढणाऱ्याला याहून नेमका धडा कोणता हवा? आपण मात्र वर्गात शिकवतो ते ‘कुत्र्याची स्वामिभक्ती’. धर्मराजाच्या वाट्याचा धडा आपण कुत्र्याच्या गळ्यात बांधून मोकळे होतो.

महाभारत कुत्र्यावर संपत येते, तसे ते जवळजवळ कुत्र्यापासूनच सुरू होते, हेही आपण विसरतो. आदिपर्वातल्या पौष्य उपाख्यानात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. सरमा येऊन जाब विचारते, तिला उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते: न दिसणारे भय तुमच्यावर येईल. रानाच्या वाटेवर मोकळा कुत्रा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने या शापाचे शब्द ध्यानात ठेवावेत. कारण तिथली भये खरोखरच न दिसणारी आहेत.

त्यांतले पहिले भय तारेचे. ब्रह्मपुरीच्या रानातून पकडून २०१७ साली बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण काही महिने वर्धा जिल्ह्याच्या याच पट्ट्यात भटकली. तिने माणसे मारली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात मेली. ती बंदुकीने मेली नाही. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने मेली. रानडुकरे आणि रोही पिके उद्ध्वस्त करतात, म्हणून कोणी कोणी बेकायदा असा प्रवाह सोडतात. शेतकऱ्याच्या हतबलतेविषयी मला इथे काही बोलायचे नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण ज्या तारेने वाघीण मरते, ती सशामागे धुरा ओलांडून धावलेल्या कुत्र्याला सोडेल काय? आणि त्याला सोडवायला धावलेल्या मालकाला?

दुसरे भय बिबट्याचे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे मनुष्यवस्तीलगतच्या बिबट्याला कुत्रा हे नित्याचे अन्न आहे. मोकळा कुत्रा अशा वाटेवर राखणदार नसतो, आमिष असतो. अस्वलाची तऱ्हा आणखी वाईट. कुत्रा त्याच्यावर भुंकतो, ते उलटते, आणि घाबरलेला कुत्रा धावत कुठे येतो? मालकाकडे. मागे अस्वल घेऊन.

तिसरे भय कुत्रा रानाला देतो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये २३ सिंह मेले. त्यांतल्या काहींना कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात कुत्रे आणि कोल्हे या दोघांतही असल्या रोगांच्या खुणा अभ्यासकांना मिळाल्या आहेत. रानकुत्री, कोल्हे आणि मांजरकुळातले प्राणी यांना आपल्या लाडक्याची लाळ आणि विष्ठा परवडणारी नाही. लस टोचून न घेतलेला कुत्रा रानात नेणे हा निसर्गप्रेमाचा प्रकार नव्हे. आणि बोरसारख्या व्याघ्र प्रकल्पात तर पायी हिंडायलाच मुभा नसते, तेव्हा कुत्र्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या सीमेवरून ‘थोडेसे आत’ जाणाऱ्यांनी आपली साहसकथा लिहू नये, हे बरे.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला तात्त्विक: दोरी म्हणजे गुलामी. हा आक्षेप मी एके काळी स्वतः लेखाच्या रूपाने घेतला होता, म्हणून तो मला नीट समजतो. त्यातली गफलत अशी की, आपण आपल्या मुक्तीची उपमा कुत्र्यावर लादतो. दोरीचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते हे आपण पाहतो. दुसरे टोक आपल्या हाताला बांधलेले असते हे विसरतो. दोरी असली की कुत्रा मागे रेंगाळल्याचे हाताला कळते. माझ्या हातात त्या दिवशी दोरी असती तर तिला बसलेली ओढ मला अर्धा तास आधी जाणवली असती.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: गुराख्याची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मोकळीच फिरतात. खरे आहे. पण गुराख्याचा कुत्रा कामावर असतो. कळपाला धरून राहतो, दुपारी गुरांबरोबर पाणवठ्यावर बसतो, आणि त्याचा धनी त्या रानाची प्रत्येक तार आणि प्रत्येक ओहोळ ओळखतो. शिवाय ही कुत्री मरत नाहीत असे कोणी सांगितले? ती मरतात, बिबट नेतो, साप चावतो. फक्त त्यांच्यावर ललितलेख लिहिले जात नाहीत. गुराख्याच्या गरजेला आपल्या हौसेचे समर्थन करायला लावणे हे निव्वळ अप्रामाणिकपणाचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड: ज्या विदर्भात वाघ माणसे मारतो, तिथे कुत्र्याच्या सुखरूपतेची चर्चा कसली करता? २०२५ च्या ऑगस्टात भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले तेव्हाही हेच झाले. देश दोन छावण्यांत वाटला गेला. एका छावणीला कुत्रा देव होता, दुसरीला उपद्रव. पुन्हा समाधी आणि थट्टा. थट्टेच्या जागी संताप, एवढाच फरक. माझे उत्तर साधे आहे. रानात कुत्र्याला जपण्याचे नियम आणि माणसाला जपण्याचे नियम वेगळे नाहीत. उजाडल्यावर निघावे आणि ऊन तापण्याआधी परतावे, कारण पहाटेचा आणि संध्याकाळचा अंधुक वेळ बिबट्याचा असतो. या दोन अटींमधली फट फाल्गुनापासून इतकी अरुंद होते की, कार्तिक ते माघ हाच आमच्याकडे कुत्र्यासह चालण्याचा खरा हंगाम उरतो. छातीवरून जाणारा मजबूत पट्टा आणि हातात आखूड दोरी असावी. पाणी दोघांचे वेगळे मोजून घ्यावे. डबक्यातले, बागेतल्या फवारणीच्या टाकीजवळचे पाणी पिऊ देऊ नये. रेबीज, डिस्टेंपर आणि पावसाळ्यातल्या लेप्टोच्या लसी वेळेवर द्याव्यात. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा तपासाव्यात. गोचीड ताप आणते. आणि दिवाळीनंतर वाळलेल्या गवताचे कुसळ एकदा कातडीत शिरले की आतच सरकत जाते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्यांच्या म्हणीत आपण पटाईत आहोत; कुत्र्याच्या कानातले मात्र आपल्याला दिसत नाही. धाप थांबेना, चाल अडखळली, लाळ घट्ट झाली, तर तिथेच सावलीत बसावे, त्याच्या अंगावर, पोटावर, पंजांवर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि मग पुढे न जाता पशुवैद्याकडे जावे.

हे सारे एखाद्या माहितीपत्रकात शोभेल, साहित्यचर्चेत कशाला, असे कोणाला वाटेल. मला उलटे वाटते. माहितीपत्रक वाचून कोणी कुत्र्याची दोरी सोडत नाही. ललितलेख वाचून सोडतो. आपण शिक्षक आहोत, आपण लेख निवडतो, विद्यार्थ्यांना नमुने म्हणून देतो. विद्यार्थी ‘मुक्त धावणारा श्वान’ लिहितो तेव्हा त्याला प्रतिमेचे गुण मिळतात. किती वाजले होते, महिना कोणता होता, पाणी किती होते, हे विचारले तर तो गोंधळतो. कारण त्याच्या मते ते प्रश्न साहित्याचे नाहीत. सरमेने विचारलेला प्रश्न असाच साधा होता: माझ्या पिल्लाला का मारले? त्याला उत्तर न देण्यातून शाप उद्भवला, आणि महाभारतकाराला तो प्रश्न ग्रंथाच्या दारात ठेवण्याइतका साहित्याचा वाटला.

गेल्या वर्षी माझा तो जुना लेख एका संकलनात घेण्याविषयी विचारणा झाली. मी होकार कळवला आणि लेखाखाली एक ओळ छापण्याची अट घातली. ती ओळ अशी: ‘या लेखातला कुत्रा पुढच्या चैत्रात, याच वाटेवर, लेखकाच्या मागे चालत असताना उन्हाने मेला.’ संपादकांना ही ओळ लेखाचा परिणाम बिघडवणारी वाटली. ती बिघडवते, हे मला मान्य आहे. लेख अजून छापला गेलेला नाही.